चाळीस मिनिटं दार उघडू नये

गाडीच्या इंजिनाचा मेंदू सुधारून घ्यायचा ठरला, त्या दिवशी तुरुसबेकने सगळ्यात आधी एक जाड वही विकत आणली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'सुरक्षा सूचना – वाचून सही करावी' असं लिहिलं, पट्टीने पाच रकाने आखले आणि पहिली सही स्वतःचीच घेतली. आपणच आपल्याला सूचना दिल्या आणि त्या समजल्याचंही आपणच लिहून दिलं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरखान्यात तो तीस वर्षं सुरक्षा अभियंता होता. या तीस वर्षांत तिथे कोणाला साधा चटकासुद्धा बसला नव्हता, कारण काम सुरू करण्याआधी इतक्या सह्या कराव्या लागत की निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच मावळायचा.

बुरुलचा, त्याची बायको, वही पाहून म्हणाली, "अहो, गाडी दुरुस्त करताय की तिचं लग्न लावताय?"

"कामाला शिस्त लागते."

"तुमच्या शिस्तीला वर्ष झालं. आईचे डोळे अजून वाट बघतायत."

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त झोंबणारं होतं. बुरुलचाची आई कालीपा, सगळ्यांची आपा म्हणजे आई, घाटापलीकडे सूसामिरला राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या सप्टेंबरात ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा तुरुसबेक मोठ्या दिमाखात सासूला आणायला निघाला. खाली बिश्केकमध्ये ही त्याची उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, बारा वर्षांची जपानी गाडी म्हणजे गरीब गाय होती. पण अडीच हजार मीटरच्या वर गेली की तिचं अंगच मोडून यायचं. जाताना रडतखडत गेली. परत येताना, शेजारी सासू बसलेली असताना, तो-आशू घाटाच्या चढावर गाडी नऊ वेळा बंद पडली. दहाव्यांदा सुरूच झाली नाही.

शेवटी बुरुलचाचा धाकटा भाऊ मेदेरबेक मेंढ्यांचा ट्रक घेऊन गावाकडे चालला होता, त्याने दोर बांधून गाडी उलट पावली सासूच्या घरी ओढत नेली. कालीपाआपा ट्रकच्या केबिनमध्ये बसली, तिची कंबर महिनाभर धरली, आणि डॉक्टरची तारीख गेली ती गेलीच. तेव्हापासून मेदेरबेक प्रत्येक लग्नात, प्रत्येक मेजवानीत न चुकता सांगायचा, "त्या दिवशी मी घाटावरून एकेचाळीस नग उतरवले. चाळीस मेंढ्या आणि एक जेझदे." जेझदे म्हणजे बहिणीचा नवरा, म्हणजे साक्षात तुरुसबेक. लोक पोट धरून हसायचे, आणि तुरुसबेक आपल्या ताटातल्या मटणाकडे बघत बसायचा.

कालीपाआपाने मात्र विनोद केला नाही. ती सरळ म्हणाली, "ट्रकात मी पुन्हा बसणार नाही. परक्या ड्रायव्हरशेजारीही बसणार नाही. तुझी गाडी ज्या दिवशी स्वतःच्या पायांनी घाट चढून माझ्या दारात येईल, त्या दिवशी बघू." आता नवी तारीख मिळाली होती, येत्या बुधवारची. त्यानंतरची थेट पुढच्या वसंतात होती, आणि आपाला आत्ताच चहाची वाटी हाताने चाचपडून शोधावी लागत होती.

वर्षभरात चार मेस्त्रींनी गाडीतून जे जे बदलता येईल ते बदललं होतं. पाचवी आली बेर्मेत. चाळिशीची, केस आवळून बांधलेली, बोलायला तुटक, गाड्यांच्या विजेच्या कामात वाघीण. तिने काहीच बदललं नाही. एक वायर लावली, लॅपटॉप उघडला आणि दहा मिनिटं नुसती बघत बसली.

"बाइके, इंजिन ठणठणीत आहे," ती त्याला थोरल्या भावाचा मान देत म्हणाली. "त्याचा मेंदू अडाणी आहे."

"जपानी मेंदू आहे तो," तुरुसबेक दुखावून म्हणाला.

"जपानी आहे, पण समुद्रकाठचा. वर हवा विरळ होते तेव्हा पेट्रोल किती कमी करायचं, हे गणित त्याचं चुकतं. मग इंजिनाचा घसा भरून येतो आणि ते बंद पडतं. कंपनीने सुधारलेला प्रोग्रॅम केव्हाच काढलाय. तुमच्या गाडीत तो कोणी भरलाच नाही."

वर्षभर तुरुसबेकने डोंगराला शिव्या दिल्या होत्या, पेट्रोलला दिल्या होत्या, मनातल्या मनात सासूच्या वजनालासुद्धा दिल्या होत्या. आता डोंगर, पेट्रोल आणि सासू तिघंही निर्दोष सुटली.

ही बातमी अंगणात पोचायला वेळ लागला नाही. त्यांच्या पाचमजली इमारतीसमोर पॉप्लरच्या झाडाखाली एक बाक होता आणि त्या बाकावर डॉमिनो खेळणारं एक कायमचं मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष जुमाकादिर आक्साकाल, म्हणजे अंगणातले वडीलधारे, वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी त्याच घाटातून मालाचा ट्रक हाकला होता.

"आमच्या वेळी इंजिनाला मेंदू नव्हता," ते म्हणाले. "तो ड्रायव्हरला असायचा."

शेरबोतो टॅक्सीवाल्याचा सल्ला अधिक आधुनिक होता. "बाइके, कशाला एवढा खटाटोप? बाजारात एक पोरगा बसतो. इंटरनेटवरून फुकटचा प्रोग्रॅम काढतो, पाच मिनिटांत भरून देतो. गाडी अशी उडते म्हणून सांगू. माझ्या चुलतभावाने करून घेतलं."

"मग उडते का त्याची गाडी?"

शेरबोतोने अंगणाच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक हिरवी गाडी चारही चाकं बसलेल्या अवस्थेत दोन वर्षं उभी होती आणि तिच्यात तळमजल्यावरच्या सायराकान एजे, सगळ्यांच्या मोठ्या ताई, कांदे वाळवत होत्या. "त्याचं नशीब वाईट," शेरबोतो म्हणाला.

"नशीब नाही, नजर लागली," सायराकान एजेंनी खिडकीतून दुरुस्ती केली. "आधी अर्चा झाडाचा धूर द्यायला हवा होता. तुरुसबेक, तू काळजी करू नकोस, तुझ्या गाडीला मी धूर देईन." तुरुसबेकने हे हसण्यावारी नेलं, आणि तिथेच चुकलं. सायराकान एजेंचं बोलणं हसण्यावारी नेणाऱ्या माणसाला ते काम झालेलं लवकरच बघावं लागतं.

बेर्मेतचे नियम थोडे होते. गाडीच्या बॅटरीला पूर्ण वेळ चार्जर लावलेला हवा. लॅपटॉपही विजेवर हवा. दिवे, पंखा, रेडिओ सगळं बंद. आधी जुन्या प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवायची, नव्याचा नंबर गाडीच्या नंबराशी ताडून बघायचा. मग किल्ली फिरवायची आणि चाळीस मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. दारसुद्धा उघडायचं नाही.

"दाराचा काय संबंध?"

"दार उघडलं की आतले दिवे, कुलुपं आणि आणखी दहा वस्तू जाग्या होतात. प्रत्येक जण बॅटरीतून घास घेतो आणि मेंदूशी बोलायला जातो. मेंदू त्या वेळी भूल दिलेल्या माणसासारखा असतो. मध्येच वीज तुटली, तर अर्धा जुना, अर्धा नवा. गाडी मेली."

हे ऐकून तुरुसबेकला इतका आनंद झाला की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याइतके नियम पाळणारं माणूस भेटलं होतं. त्या आनंदाच्या भरात तो बेर्मेतच्या गॅरेजची पाहणी करायला गेला आणि त्याने तिथे अकरा उणिवा शोधून काढल्या. आग विझवण्याची वाळू ओली, स्विचबोर्डाला झाकण नाही, शिडीला एक पायरी कमी. यादी त्याने सहीसाठी तिच्यापुढे ठेवली.

बेर्मेतने यादी वाचली, घडी केली आणि खिशात घातली. "ठीक आहे. रविवारी दहा वाजता मी तुमच्या अंगणात येते. तिथे तुमच्या मनासारखं करा. येताना मी एक जादा बॅटरी आणू की तुम्ही आणाल? वीज गेली तर हवी."

इथे घोडं पेंड खायला लागलं. त्या हिवाळ्याच्या तोंडी वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने बॅटरी मागून आणली असती. पण तीस वर्षं कागदावर चाललेल्या माणसाचा बॅटरीपेक्षा कागदावर जास्त विश्वास असतो. "बॅटरी लागणार नाही," तो म्हणाला, "मी लेखी आणतो."

वीज कचेरीत तो तीन नंबरच्या खिडकीवर गेला. तिने पाचवर पाठवलं. पाचने जेवण करून परत तीनवर पाठवलं. तिथल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय हवंय?"

"रविवारी दहा ते बारा आमच्या इमारतीची वीज जाणार नाही, असं लिहून हवंय."

"वीज न घालवण्याचा अर्ज नसतो. घालवण्याचा असतो."

"पण मला घालवायची नाहीये."

"अहो, अर्ज तर तोच आहे. 'अर्जदाराच्या सुरक्षित कामासाठी वीजबंदी.' तुमचं काम सुरक्षिततेचंच आहे ना? मग भरा. इमारत, वार, वेळ. आणि खाली शेऱ्यात लिहा, वीज घालवू नये. आम्ही वाचतो."

अर्ज सुबक होता. रकाने सरळ होते. अशा अर्जाला नाही म्हणणं तुरुसबेकच्या रक्तातच नव्हतं. त्याने वळणदार अक्षरात तो भरला, शेऱ्यात 'वीज कृपया घालवू नये' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि बाईंनी त्यावर असा गोल, निळा, भरदार शिक्का मारला की बघूनच त्याचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्याने तो कागद सगळ्यांना दाखवला. बेर्मेतलाही दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाइके, बॅटरी आणा." तो म्हणाला, "शिक्का आहे." त्यावर ती गप्प बसली. बसायला नको होतं, पण लोक त्याच्यापुढे गप्प बसतात.

रविवारी अंगणाला जत्रेचं रूप आलं. गाडीभोवती लाल-पांढरी फीत बांधलेली. फितीबाहेर टेबल, टेबलावर वही. नियम पहिला, कोणी धूम्रपान करू नये. नियम दुसरा, कोणी वायर ओलांडू नये. तिसरा, चाळीस मिनिटं दार उघडू नये. चौथा, जबाबदार व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही फितीच्या आत येऊ नये. सत्तावीस जणांच्या सह्या झाल्या. जुमाकादिर आक्साकाल अजून उठून खाली यायचे होते, त्यांच्यासाठी जागा सोडली. बॉनेट उघडं, बॅटरीला चार्जर, आणि लॅपटॉपची वायर आत घ्यायला ड्रायव्हरच्या बाजूची काच दोन बोटं खाली. बेर्मेत म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा, मी आहे." पण जबाबदार व्यक्ती बाहेर कशी थांबणार? तो आत स्टिअरिंगपुढे बसला, ती शेजारी लॅपटॉप घेऊन. जुन्याची प्रत निघाली, नंबर जुळले, किल्ली फिरली. दहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर एक टक्का दिसला.

आठ टक्क्यांवर सायराकान एजे अर्चाच्या जळत्या फांद्यांचं तसराळं घेऊन आल्या. फितीच्या आत यायचं नाही, सही केली आहे, हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. म्हणून त्यांनी फितीबाहेर उभं राहून, वाऱ्याची दिशा बघून, तसराळं बरोबर त्या दोन बोटांच्या फटीसमोर धरलं.

"एजे, पुरे," तुरुसबेक खोकत म्हणाला.

"पुरे कसं? तीन वेळा द्यावा लागतो. डोळे मिट."

काच वर करता येत नव्हती, कारण काचेची मोटर वीज खाते आणि मध्ये वायर होती. दोघांनी डोळे मिटून तिन्ही धूर सोसले. बेर्मेत रडत रडत पडद्यावरचे आकडे वाचत होती. तेरा. चौदा.

वीस टक्क्यांवर जुमाकादिर आक्साकाल काठी टेकत आले. आता हे समजून घ्यायला हवं की आपल्याकडे वडीलधारा माणूस समोर आला आणि धाकटा बसून राहिला, असं होतच नाही. अंगात ताप असला तरी माणूस उठतो. ताटावरून उठतो. गाडीत असेल तर गाडी थांबवून, खाली उतरून, दोन्ही हातांत त्यांचा हात घेतो. आक्साकाल फितीपाशी येऊन थांबले आणि नेहमीप्रमाणे वाट बघू लागले. तुरुसबेकचे गुडघे आपोआप उठायला लागले, हात दाराच्या कडीकडे गेला.

"बाइके," बेर्मेत म्हणाली. तिने एवढंच म्हटलं, पण कसायाच्या सुरात म्हटलं.

तुरुसबेकने हात मागे घेतला. दोन्ही हात छातीवर ठेवले आणि बसल्या बसल्याच जमेल तेवढा खाली वाकला. कपाळ थेट हॉर्नवर आपटलं. अंगणभर भोंगा वाजला.

आक्साकाल दचकून एक पाऊल मागे सरले. मग ते ताठ झाले. "अस्सं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक्याऐंशी वर्षांत माझ्यासमोर कोणी बसून राहिलं नव्हतं. बसून वर हॉर्न वाजवणारा तर तू पहिलाच." आणि ते पाठ फिरवून बाकावर जाऊन बसले.

"आक्साकाल, तिसरा नियम आहे," तुरुसबेक फटीतून कळवळून म्हणाला. आक्साकालांनी डॉमिनोच्या सोंगट्या मांडायला घेतल्या. सासूचं मन जिंकायला निघालेला माणूस अंगणातली आयुष्यभराची अब्रू घालवून बसला होता, आणि अजून ऐंशी टक्के बाकी होते.

एकतीस टक्क्यांवर, दहा वाजून पंधरा मिनिटांनी, चार्जरचा हिरवा दिवा विझला.

सगळ्या इमारतीत एकदम शांतता पसरली. कुठलीतरी टीव्हीवरची बाई अर्ध्या वाक्यात गप्प झाली. बेर्मेत म्हणाली, "बॅटरी साडेबारा व्होल्ट. बाराच्या खाली गेली तर संपलं. लॅपटॉपची बॅटरी पंधरा मिनिटं." तिचा आवाज शांत होता.

तेवढ्यात पिवळं जाकीट घातलेला वीज कचेरीचा माणूस कागद हलवत अंगणात आला. "अर्जदार कोण? तुमच्या अर्जाप्रमाणे वीज बंद केली आहे. थोडा उशीर झाला, माफ करा. इथे सही करा."

"पण मी शेऱ्यात लिहिलंय, घालवू नये," तुरुसबेक फटीला तोंड लावून ओरडला.

माणसाने कागद उलटसुलट बघितला. "शेरा शेवटी वाचतात. काम झाल्यावर."

"मग आता चालू करा."

"बारापर्यंतची वेळ आहे. लवकर चालू करायची तर तसा वेगळा अर्ज. तीन नंबर खिडकी. सोमवारी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या कचेरीने गेल्या दहा वर्षांत ठरल्या वेळी केलेलं बहुधा हे एकमेव काम, आणि ते तुरुसबेकच्या सुवाच्य अक्षरामुळे. "बारा पूर्णांक तीन," बेर्मेत म्हणाली. तुरुसबेकच्या डोळ्यांपुढे हिरवी गाडी आली. तिच्या शेजारी आपली पांढरी गाडी आली, तिच्यातही कांदे. आणि पलीकडे, घाटापार, चहाची वाटी चाचपडणारे दोन हात आले.

"शेरबोतो," तो म्हणाला, "तुझ्या टॅक्सीची बॅटरी काढ. इथे जोड."

शेरबोतो फितीपर्यंत धावत आला आणि थबकला. "बाइके, चौथा नियम. मी सही केलीय."

"मी सांगतोय ना."

"लेखी परवानगी पाहिजे. तुम्हीच लिहिलंय."

सत्तावीस सह्या केलेले सत्तावीस जण फितीबाहेर खेटून उभे होते आणि त्यांतला एकही आत पाऊल टाकायला तयार नव्हता. तीस वर्षं तुरुसबेक ज्या शिस्तीचं स्वप्न बघत होता, ती ही अशी पुढ्यात उभी होती. त्याने खिसे चाचपले. कागद नाही, वही बाहेर. तेव्हा बाकावरून काठीचा आवाज आला. जुमाकादिर आक्साकाल उठले होते.

"माझी सही नाही," ते म्हणाले आणि काठीने फीत वर उचलून सरळ आत शिरले. गाडीपाशी येऊन त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं. आतल्या माणसाकडे ढुंकूनही बघितलं नाही. "शेरबोतो, बॅटरी आण. धावत नको, पाडशील. आधी लाल, लालला लाल. मग काळी, आणि ती बॅटरीवर नाही, इकडे लोखंडावर. ठिणगी पडली तर कान उपटीन. मी बर्फात, उणे चौतीसच्या थंडीत, अंधारात केलंय हे."

म्हाताऱ्याचे हात जिथे पडायला हवे तिथेच पडत होते. "बारा पूर्णांक एक," बेर्मेत म्हणाली. मग चिमटा बसला. "बारा पाच." तुरुसबेकने कपाळ पुन्हा स्टिअरिंगवर टेकलं, या वेळी हॉर्न चुकवून.

"लॅपटॉप नऊ टक्के," बेर्मेत म्हणाली.

शेजारच्या इमारतीची वीज शाबूत होती, तिच्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. तिच्या तळाशी नानवाल्याचं दुकान होतं. दोन इमारतींमध्ये सत्तर पावलं आणि एक पाण्याचा पाट. बुरुलचाने पदर खोचावा तसा स्कार्फ मागे बांधला आणि वरच्या मजल्यांकडे बघून हाक दिली, "ज्यांच्या घरी वायरचा बोर्ड आहे त्यांनी खाली टाका." खिडक्यांतून बोर्ड आले. पांढरे, काळे, एक चिकटपट्टीने गुंडाळलेला, एक नुकताच नव्या वर्षाच्या झाडाला लावायला आणलेला. एकाला एक जोडत सात बोर्डांची माळ नानवाल्याच्या दुकानातून निघाली आणि त्यातला चौथा जोड बरोबर पाटाच्या पाण्यावर आला.

तुरुसबेक काचेतून हे बघत होता. ज्या गोष्टी करू नयेत म्हणून त्याने तीस वर्षं भिंतीवर चित्रं लावली, त्या सगळ्या एका रांगेत त्याच्याकडे चालत येत होत्या. त्याला वाटलं, डोळे मिटून घ्यावेत. पण मिटले नाहीत.

"थांबा, लावू नका," तो फटीतून म्हणाला. "घराघरांतली लाकडी स्टुलं आणा. प्रत्येक जोडाखाली एक. वायर जमिनीला टेकता कामा नये. पाटावर फळी टाका, तिच्यावर दोन स्टुलं. चिकटपट्टीवाला बोर्ड काढून टाका, तो वापरायचा नाही म्हणजे नाही. बाकीचे सुके आहेत का हाताने बघा. मग लावा."

"लॅपटॉप सहा," बेर्मेत म्हणाली. "बाइके, घाई."

"घाईनेच माणसं मरतात," तुरुसबेक म्हणाला, आणि आवाज बॉयलरखान्यातला होता. स्टुलं आली. स्वयंपाकघरातली, बाल्कनीतली, एक तर न्हाव्याचं. सहा बोर्डांत वायर जेमतेम पुरली. लॅपटॉपवर तीन टक्के उरले असताना त्याच्या कडेचा बारीक दिवा लागला, आणि पाठोपाठ चार्जरचाही. बेर्मेतने पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला. "हे माझ्या गॅरेजपेक्षा बरं जोडलंय," ती म्हणाली.

दहा बेचाळीसला शंभर टक्के झाले. किल्ली बंद. दहा सेकंद थांबा. किल्ली चालू. जुन्या चुकांच्या नोंदी पुसल्या. मग इंजिन सुरू झालं, आणि इतक्या मऊ आवाजात सुरू झालं की शेरबोतोला वाटलं, झालंच नाही. अंगणात टाळ्या पडल्या. सायराकान एजे म्हणाल्या, "धूर लागू पडला."

तुरुसबेकने दार उघडलं आणि सरळ आक्साकालांकडे दोन्ही हात पुढे करून निघाला. म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

"बस आत. इंजिन चालू असताना ड्रायव्हरने खाली उतरायचं नसतं," ते म्हणाले. मग काठी खाली घेतली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "बसून राहिलास ते बरोबर केलंस. हॉर्नचं मात्र बोलू आपण." तुरुसबेकचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

सोमवारी सकाळी तो आणि बुरुलचा निघाले. मेदेरबेक ट्रक घेऊन शहरात आला होता, तो मुद्दाम मागे मागे येत होता. दोर त्याने पुढच्या काचेत दिसेल असा ठेवला होता. वळणं सुरू झाली. दोन हजार. अडीच हजार. इथे ती नेहमी पहिला आचका द्यायची. तुरुसबेकने श्वास रोखला, बुरुलचाने त्याचा गुडघा धरला. गाडी चढत राहिली. तीन हजारांवर मेदेरबेकचा ट्रक कण्हत मागे पडू लागला, आरशात लहान होत गेला, आणि बोगद्याच्या तोंडाशी तर दिसेनासा झाला. तुरुसबेकने आयुष्यात इतका शुद्ध, निर्भेळ आनंद क्वचितच अनुभवला होता. बुरुलचा म्हणाली, "थांबून त्याची वाट बघायची का?" तो म्हणाला, "बघू की. खाली, आईकडे, चहा पिताना."

कालीपाआपा आवाज ऐकून दारात आली. तिने हात पुढे करून बॉनेट शोधलं, त्यावर तळवा ठेवला आणि घोड्याची नाडी बघावी तशी बराच वेळ उभी राहिली. मागे कोणाचा ट्रक आहे का, हे तिने कान देऊन ऐकलं. नव्हता.

"हिला धाप लागली नाही," ती म्हणाली. मग घरात वळून ओरडली, "माझं गाठोडं आणा."

परतीच्या चढावर ती इंजिनाकडे कान लावून बसली. गाडी एकदाही थांबली नाही. बुधवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गुरुवारी सकाळी पट्टी निघाली. दवाखान्यातून तिला आणून गाडीत पुढे बसवलं, तेव्हा ती आधी बुरुलचाकडे बघत राहिली, खूप वेळ, आणि तिच्या गालावरून हात फिरवला. मग रस्त्यापलीकडच्या जर्दाळूच्या झाडाकडे बघितलं. आणि मग शेजारी वळली. तुरुसबेक ताठ बसला. अशा प्रसंगी शोभेल असं एक नम्र वाक्य त्याने कालपासून तयार ठेवलं होतं.

आपाने त्याला केसांपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"तुरुसबेक, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

मागे बुरुलचाने तोंडावर स्कार्फ दाबला. तुरुसबेकने आरशात बघितलं. कानशिलं साफ पांढरी झाली होती. काही केस गेल्या सप्टेंबरात घाटात पिकले असावेत, उरलेले रविवारी एकतीस आणि शंभर टक्क्यांच्या दरम्यान. पण इंजिन मऊ घुमत होतं, आणि त्याला काही म्हणता काही टोचेना.

"तुम्ही बघत नव्हता ना आपा, तेवढ्यात उरकून घेतलं," तो म्हणाला.

कालीपाआपा हसली, इतकी की डॉक्टरने दिलेला काळा चष्मा नाकावरून घसरला. तो तिने नीट बसवला आणि समोरच्या काचेतून दूर दिसणाऱ्या बर्फाच्या रांगेकडे हनुवटी केली.

"आठवड्याने मला घरी सोडशील, तेव्हा सावकाश चालव. येताना मी घाट नुसता ऐकला. आता बघायचाय."